परातीतलं पाणी

लग्न होऊन बायको कोलकात्याला आली आणि तिसऱ्याच दिवशी तिने आमच्या कारखान्यातल्या परातीतलं पाणी मोरीत ओतून दिलं. बिचारीला वाटलं, घाण पाणी आहे, कशाला साठवून ठेवलंय. आबा, म्हणजे माझे वडील, भट्टीपाशी बसले होते. ते असे काही ओरडले की वरच्या मजल्यावरचा बंगाली सोनार काय झालं म्हणून धावत खाली आला. 'अगं सोनं ओतलंस, सोनं!' बायको रिकामी परात धरून तशीच उभी. मला हसू आवरेना, आणि ते नेमकं तिने बघितलं. सात वर्षं होत आली, अजून आमच्या प्रत्येक भांडणात त्या हसण्याला हजेरी असते.

आम्ही गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांमधली आमच्यासारखी माणसं देशभर सोनारांच्या गल्ल्यांमध्ये सोनं-चांदी गाळत बसली आहेत. माझे आजोबा येऊन बसले ते बऊबाजारच्या गल्लीत. खाली कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे उगाच मोठा शब्द. एक लांबट खोली, एक भट्टी, मुशी, चिमटे, तेजाबाच्या बरण्या आणि गावाकडचे दोन कारागीर. सोनारांकडून डागी, म्हणजे भेसळ असलेलं, सोनं येतं, ते वितळवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडमध्ये, उकळायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं. मी इथेच जन्मलो, इथेच वाढलो. गल्लीत बंगाली बोलतो, घरात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम.

या धंद्यात सोनं सगळीकडे असतं. जमिनीवर, चटईत, नखांत, केसांत, बनियनमध्ये. दिसत नाही, पण असतं. म्हणून आमच्याकडे हात धुवायचे ते परातीत. पाणी निवळलं की तळाचा गाळ काढून ठेवायचा. कामाचं बनियन धुवायचं नाही. अंगावर सुकेल तेवढं सुकवायचं, फाटलं की कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पिंपात टाकायचं. गाळ, चटया, झाडूसुद्धा त्याच पिंपात. वर्षातून एकदा, दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सगळं जाळायचं. बाहेर देवीच्या विसर्जनाचे ढाक वाजत असतात आणि आत आमच्या चिंध्या जळत असतात.

जाळून उरते राख. तिच्यातलं सोनं हाताला लागायचं तर शिसं लागतं. राख शिशाबरोबर वितळवली की शिसं सोन्याचे कण आपल्यात ओढून घेतं. मग ते शिसं भट्टीत तापवत राहायचं. काही राखेच्या वाटीत मुरतं, बाकीचं उडून जातं आणि तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा मणी उरतो. शिसं उडून जातं, असं आजोबा म्हणायचे, आबा म्हणायचे, मीही म्हणायचो. उडून कुठे जातं, हे आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

हा मणी आमच्या घरात विकत नाहीत. तो बाळलेण्याचा. घरात येणाऱ्या बाळाच्या मनगट्या याच सोन्याच्या करायच्या, आणि ज्याला बाळ व्हायचं त्यानेच त्या दिवशी भट्टीपुढे बसायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. माझ्या मनगट्या आबांनी अशाच केल्या होत्या. लग्न झालं त्या वर्षीच्या दसऱ्याला आबांनी माझ्या हातात चिमटा दिला तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता! तीन-चार तास तोंडावर धूर घेत बसलो. मणी निघाला. आबांनी तो कुंकवाच्या डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवला.

बायको कऱ्हाडला बी.एस्सी. झालेली, आणि केमिस्ट्री तिचा आवडता विषय. त्या पहिल्या वर्षी ती जिन्यात पदर नाकाला लावून उभी होती. तिने विचारलं, 'अहो, हा शिशाचा धूर ना? तो असा आतच कसा सोडता?' मी म्हटलं, 'मॅडम, तीन पिढ्या हा धूर खाऊन जगल्यात. तुमचं पुस्तक राहू द्या कपाटात.' आणि पुन्हा हसलो. कारागीरही हसले. मला त्या क्षणाची अजून लाज वाटते, पण झालं ते झालं, लपवून काय करू?

दुसरं वर्ष गेलं, तिसरं गेलं, पाळणा काही हलेना. आमच्या धंद्यात मूल झालं नाही तर सांगायला एक सोपं कारण असतं. पुरुष परमुलखात, बायको गावी, भेट वर्षातून दोनदा, मग कसं होणार? सगळे मान डोलावतात. आमच्या बाबतीत ते कारण चालेना, कारण आम्ही दोघं एकाच छपराखाली. मग खापर फुटलं बायकोच्या डोक्यावर. गावाकडून फोन यायचे. कुणी अंगारा पाठवला, कुणी सोळा सोमवार सांगितले, कुणी सांगितलं पपई बंद कर. तिचं रक्त तपासलं, नळ्या तपासल्या, पोटात दुर्बीण घालून बघितलं. इंजेक्शनांनी ती सुजली, चिडचिडी झाली, रडायची. प्रत्येक डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणायचा की हिच्यात काही दोष दिसत नाही, आणि प्रत्येक डॉक्टर पुढे म्हणायचा, मिस्टरांची तपासणी करून घ्या.

मिस्टरांना वेळ नव्हता. आधी पूजेचा सीझन होता, मग धनतेरस, मग लग्नसराई. माझ्यात काय कमी आहे? मूस उचलतो, भट्टीपुढे दहा तास बसतो, सर्दीसुद्धा होत नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, पण तेव्हा तिला मी भीती म्हणत नव्हतो, काम म्हणत होतो.

चौथ्या वर्षी आबांनी तोडगा काढला. दसऱ्याचा एक मणी पुरत नसेल तर गुढीपाडव्यालाही भट्टी लावू, म्हणाले. वर्षातून दोनदा बसलं की देवी ऐकेल. मीही बसलो. सहाव्या दसऱ्यापर्यंत डबीत नऊ मणी झाले. मूल हवं म्हणून जितका जीव टांगणीला लागला, तितका मी त्या धुरात जास्त बसलो.

त्याच दसऱ्यानंतरची गोष्ट. बायको एक दिवस दुपारी मला जेवायला बोलवायला खाली आली. आम्ही जेवायचो तिथेच, भट्टीपासून चार हातांवर, त्याच चटईवर. तिची नजर फळीवर गेली. तिथे एक छोटी प्लास्टिकची डबी होती, पांढरं झाकण, वर कागदी चिठ्ठी. सोनं वितळताना वरून टाकायचा टाकणखार मी त्या डबीत भरून ठेवला होता. डबी चांगली होती, घट्ट झाकणाची. तपासणीचा नमुना द्यायला म्हणून बायकोने लॅबमधून वर्षापूर्वी आणलेली ती डबी होती. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात माझं नाव होतं.

तिने डबी उचलली, उघडली, वास घेतला आणि माझ्यासमोर जमिनीवर उपडी केली. कारागीर उठून बाहेर गेले. 'तीन वर्षं,' ती म्हणाली, 'तीन वर्षं माझ्या पोटात सुया घातल्या. मी कधी म्हटलं का, मला वेळ नाही? आणि तुम्ही यात टाकणखार ठेवता? टाकणखार?' आवाज चढलाही नव्हता. तिने आदळआपट केली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. पण तिने रिकामी डबी माझ्या हातात ठेवली आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

दोन दिवसांनी आम्ही सियालदाहून लोकल पकडून बालीगंजला गेलो. तिथे एक म्हातारे बंगाली डॉक्टर फक्त पुरुषांचंच बघतात, असं बायकोकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलीच्या आईने सांगितलं होतं. नमुना द्यायच्या खोलीत एक खुर्ची, एक बेसिन आणि भिंतीवर हिमालयाचं कॅलेंडर होतं. बाहेर बाकावर माझ्यासारखेच पाच-सहा जण मोबाईलमध्ये मान घालून बसले होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एरवी कोलकात्यात पाच माणसं एका बाकावर बसली की पाच मिनिटांत फुटबॉल सुरू होतो. 

रिपोर्ट आला. शुक्राणू फार कमी, त्यातले बरेच मंद, बरेच वेडेवाकडे. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि साधंच विचारलं, 'की काज कोरेन?' म्हणजे काम काय करता. मी म्हटलं, सोनं गाळतो. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मग सुरू झाली उलटतपासणी. कशाने गाळता? भट्टीपासून किती लांब बसता? किती तास? धूर कुठून बाहेर जातो? जेवता कुठे? हात कशाने धुता? कामाचे कपडे कधी धुता?

'धूत नाही,' मी म्हणालो.

'म्हणजे?'

मी सगळं सांगितलं. परात, बनियन, पिंप, शिसं, मणी, मनगट्या. सांगता सांगता माझ्याच कानांना ते कसंतरीच ऐकू यायला लागलं. त्याच बनियनवर मी जेवायचो, तेच घालून वर घरात जायचो, गादीवर पडायचो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी रक्तातलं शिसं बघायला सांगितलं, आणि ते जास्त निघालं. इतकं जास्त, की त्यांनी माझ्या कारागिरांनाही पाठवून द्यायला सांगितलं.

त्यांनी नीट समजावलं. हे सगळं शिशानेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, म्हणाले. भट्टीची आच आहे, तंबाखू आहे, तेजाबाची वाफ आहे, काही दोष जन्मतःही असतात. पण शिसं शुक्राणूंना मारक आहे याबद्दल शंका नाही, आणि तेच आपल्याला पहिल्यांदा थांबवता येतं. शरीर नवे शुक्राणू सतत बनवत असतं, एका खेपेला साधारण तीन महिने लागतात. पण हाडांत मुरलेलं शिसं सावकाश निघतं, तेव्हा घाई करू नका. मी विचारलं, 'डॉक्टरबाबू, शिसं उडून जातं ना?' ते म्हणाले, 'जातं. तुमच्या नाकात.'

बालीगंज स्टेशनवर आम्ही दोन लोकल सोडल्या. मला वाटलं होतं बायको आता म्हणणार, मी तेव्हाच सांगितलं होतं. तिने ते म्हटलं नाही. दुसरी लोकल सुटली तेव्हा म्हणाली, 'मी आरशासमोर उभी राहून विचार करायचे, माझ्यात नेमकं काय कमी असेल. रोज.' मी तिचा हात धरला. स्टेशनवर, भर गर्दीत, आम्ही असे कधी वागत नाही. मी म्हटलं, 'माझं चुकलं गं.' ती म्हणाली, 'चुकलंच.' आणि हात सोडवून घेतला नाही.

आता आबांना सांगायचं होतं. कामगाराने मालकाला सांगावं तसं मी उभा राहून सांगितलं. आबांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आणि एकदम उसळले.

'डॉक्टरला काय कळतंय गलाईतलं? माझ्या बापानं केलं, मी केलं. तुझ्या बनियनात शिसं, आणि आमच्या काय अत्तर होतं? मला तू झालास का नाही?'

'एकटाच झालो ना, आबा.'

मी ते मुद्दाम बोललो नव्हतो. तोंडातून गेलं. आबांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. त्यांनी ती परत पुडीत भरली, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

मी एकुलता एक. आई जाऊन बारा वर्षं झाली. मला आठवतं, मी दुसरीत असताना ती एकदा चार महिने गावी राहिली होती आणि चौथीत असताना पुन्हा, तेव्हा तर दिवाळीलाही आली नाही. आईची तब्येत बरी नसते, असं आबा सांगायचे. मी कारखान्यात त्या पिंपाशेजारी बसून अभ्यास करायचो. परत आली तेव्हा ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, आबांशी मात्र कामापुरतंच. मी एवढ्या वर्षांत त्या दोन गोष्टी जोडून बघितल्या नव्हत्या.

आबांनी होकार दिला नाही, पण आडवेही आले नाहीत. मी भट्टीवर धूर ओढून घेणारा पंखा आणि धुराडं बसवून घेतलं. धुराडं सुरू झालं त्या दिवशी बायको म्हणाली, 'आजवर हा धूर आपल्या नाकात गेला, आता शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाईल.' च्यायला, हेही खरंच होतं! मग शिशाचं काम आम्ही बंदच केलं. केर-राख आता शहराबाहेर, धूर गाळायची यंत्रं असलेल्या मोठ्या कारखान्यात जाते. कारागीर तपासून आले, दोघांच्याही रक्तात शिसं. त्यातल्या एकाची बायको गावी सात वर्षं उपास करत होती. त्याने रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी गावी फोन करून तिला उपास सोडायला सांगितलं.

जेवण वर, कपडे खाली, तंबाखू बंद. तंबाखू सोडताना मी घरच्यांना जे पिडलं त्याबद्दल वेगळं लिहायला हवं. फक्त दोन गोष्टी तशाच राहिल्या, परात आणि पिंप. त्यांना हात लावायची माझी हिंमत झाली नाही. नवी बनियनं मी वेगळी धुवायचो, पण जुन्यांचं ते पिंप कोपऱ्यात भरलेलं होतं आणि आबा रोज त्याच्याशेजारी बसायचे.

पाडव्याच्या आधी आठ दिवस दुसरा रिपोर्ट आला. आकडे थोडे वर सरकले होते. डॉक्टर म्हणाले, दिशा बरी आहे, वचन देत नाही. बायकोने तो कागद देव्हाऱ्यात, त्या नऊ मण्यांच्या डबीखाली ठेवला. मला आनंद झाला, पण पुढे पाडवा होता. शिशाचं काम बंद असलं तरी पाडवा म्हणजे बाळलेण्याच्या भट्टीचा दिवस. आबा चिमटा हातात देणार आणि मला नाही म्हणावं लागणार.

पाडव्याला सकाळी मी खाली उतरलो. मागे बायको, गुढीचा तांब्या घेऊन. कारखान्याच्या दारातच मी थबकलो. पिंप आडवं पडलेलं, रिकामं. आबा नळापाशी उकिडवे बसले होते. समोर परात, परातीत माझ्या जुन्या बनियनांचा ढीग. पंच्याहत्तरीचा माणूस कपड्याच्या साबणाची वडी घेऊन एकेक बनियन घासत होता. करडं, तेलकट पाणी परातीच्या काठापर्यंत आलं होतं.

'आबा, हे काय करताय? ते सोनं—' माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

'असू दे,' ते म्हणाले. मान वर केली नाही. एक बनियन पिळलं, बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं.

मी पुढे होऊन म्हटलं, आणा इकडे, मी धुतो. त्यांनी हाताने थांबवलं. मग माझ्याकडे नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या सुनेकडे बघून बोलले.

'ह्याच्या आईला मी दोनदा माहेरी धाडली होती, पोरी. दुसरं होत नाही म्हणून. गावी सगळ्यांना तेच सांगितलं, हिच्यात दोष आहे. दुसऱ्या खेपेला जाताना ती म्हणाली, एकदा तुम्हीपण डॉक्टरला दाखवा की.' त्यांचे हात साबणाच्या पाण्यात थांबले. 'मी हसलो होतो. कारागिरांच्या देखत.'

 बायकोने गुढीचा तांब्या जिन्यावर ठेवला आणि येऊन त्यांच्याजवळ बसली. आबांनी शेवटचं बनियन पिळलं आणि ती पाण्याने भरलेली परात दोन्ही हातांनी तिच्यापुढे सरकवली.

'ओत,' म्हणाले.